निखळलेला सांधा : घाई कशाची करायची?

२३ मार्च २०२१ रोजी पुण्याजवळच्या गहुंजे मैदानावर भारत-इंग्लंड एकदिवसीय सामना सुरू होता. चेंडू अडवण्यासाठी श्रेयस अय्यरने झेप घेतली, सगळा भार डाव्या खांद्यावर आला आणि तो खांदा धरूनच मैदानाबाहेर गेला. खांदा अर्धवट निखळल्याचे क्रिकेट मंडळाने जाहीर केले. पुढे एप्रिलमध्ये त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. सामन्यात तो पुन्हा उतरला तो सप्टेंबरमध्ये. म्हणजे सांधा पूर्ण निखळलेला नसताना, उत्तमोत्तम डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट दिमतीला असताना, तरुण आणि कमावलेल्या शरीराच्या खेळाडूलाही सहा महिने लागले.

आता हीच दुखापत गावच्या कबड्डीच्या मैदानावर झाली तर काय होते ते पाहू. दोघे मुलाला धरतात, तिसरा हात ओढतो. ‘खट्’ असा आवाज आला की सगळे सुटकेचा नि:श्वास सोडतात. तेल चोळले जाते, घट्ट पट्टी बांधली जाते आणि पुढच्या आठवड्यात मुलगा पुन्हा चढाईला जातो. वर्षभरात तोच खांदा दुसऱ्यांदा निसटतो, मग तिसऱ्यांदा. शेवटी शर्ट घालताना किंवा झोपेत कूस बदलतानाही तो निसटू लागतो.

सांधा निखळल्यावर माणसे घाई करतात, आणि ती बहुधा नको तिथे करतात. ओढून बसवण्याची घाई होते, पुन्हा कामाला लागण्याची घाई होते. जिथे खरोखर एकेक तास मोलाचा असतो, त्या दवाखान्यात पोहोचण्याला मात्र उशीर होतो. हा क्रम उलटा कसा करायचा, हे प्रत्येक घराने शिकून ठेवायला हवे.

सांधा टिकतो कशामुळे?

दोन हाडे जिथे भेटतात तिथे त्यांची टोके गुळगुळीत कूर्चेने मढवलेली असतात. त्यांच्याभोवती एक चिवट पिशवी असते. हाडाला हाडाशी बांधणारे अस्थिबंध त्या पिशवीला बळकटी देतात आणि बाहेरून स्नायू सगळे आवळून धरतात. हाडांची टोके एकमेकांपासून पूर्ण सुटली की सांधा निखळला असे म्हणतात. थोडी सरकली पण संपर्क राहिला, तर तो अर्धवट निखळला. अस्थिबंध नुसता ताणला किंवा थोडा फाटला, हाडे मात्र जागेवरच राहिली, तर ते मुरगळणे किंवा लचकणे.

सांधा निखळतो तेव्हा हाड सरकलेले दिसते. पण ते सरकण्याआधी त्याला धरून ठेवणारे काहीतरी फाटलेले किंवा ताणलेले असते. हाड क्षणात जागेवर जाऊ शकते. फाटलेल्या पेशीजालाला भरून यायला आठवडे लागतात. पुढच्या सगळ्या उपचारांचे मर्म या एका गोष्टीत आहे.

मोठ्या सांध्यांपैकी सर्वांत जास्त निखळतो तो खांदा. खांदा आणि खुबा हे दोन्ही उखळीचे सांधे, पण दोघांची घडण फार वेगळी. खुब्याची उखळ खोल असते, मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात रुतून बसलेला असतो. खांद्याची वाटी मात्र उथळ असते. दंडाच्या हाडाचा गोळा तिच्यावर बशीत ठेवलेल्या लिंबासारखा टेकलेला असतो. कोणत्याही क्षणी त्याचा जेमतेम तिसरा-चौथा हिस्साच वाटीला लागून असतो. वाटीच्या कडेला कूर्चेची एक गोल किनार असते, ती वाटीला जराशी खोली देते. चार लहान स्नायूंच्या कंडरा गोळ्याला चहूबाजूंनी वेढून आत दाबून ठेवतात. या रचनेमुळेच आपण हात वर नेऊ शकतो, पाठीमागे नेऊ शकतो, गोफण फिरवू शकतो. इतक्या मोकळेपणाची किंमत म्हणजे कमी झालेली स्थिरता.

हात बाजूला उचललेला आणि मागे वळलेला असताना जोराचा हिसका बसला की गोळा पुढे निसटतो. चेंडू फेकतानाची किंवा पाठलाग करणाऱ्याने मागून हात खेचल्यावरची ही स्थिती असते. खांदा निखळल्याच्या घटनांपैकी ९५ टक्क्यांच्या आसपास या पुढच्या बाजूच्या असतात. मागे निखळणे क्वचितच घडते, पण ते हमखास नजरेतून सुटते. आकडी आली किंवा विजेचा जोराचा धक्का बसला की खांद्याभोवतीचे स्नायू एकदम आवळतात आणि गोळा मागे सरकतो. बाहेरून फारसा बदल दिसत नाही, समोरून काढलेल्या एक्स-रेतही तो चुकू शकतो. म्हणून आकडी किंवा विजेच्या धक्क्यानंतर खांदा दुखत असेल आणि हात बाहेरच्या बाजूला वळत नसेल, तर ही शक्यता डॉक्टरांना आपणहून विचारावी.

ओळखायचे कसे?

खांदा पुढे निखळला की त्याची नेहमीची गोलाई जाते. तो चौकोनी, टोकदार दिसू लागतो आणि खाली खळगा पडतो. माणूस दुसऱ्या हाताने तो हात सावरून धरतो, जराही हलू देत नाही. कोणताही सांधा निखळला तरी खुणा साधारण सारख्याच असतात : आकार बदललेला, दुसऱ्या बाजूशी तुलना केली की लगेच जाणवणारा, असह्य वेदना, हालचाल जवळजवळ बंद, काही वेळाने सूज आणि काळे-निळे डाग.

पण निखळणे आणि मोडणे यांत फरक नुसत्या नजरेने करता येत नाही. अनेकदा दोन्ही एकाच वेळी झालेले असते. खांदा निखळताना दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाचा तुकडा उडणे ही तर नेहमीची गोष्ट. म्हणून एक्स-रे आधी काढायचा आणि सांधा बसवल्यावर पुन्हा काढायचा, हा नियम आहे.

दवाखान्यात पोहोचेपर्यंत

पहिली गोष्ट, माणूस पडला कसा ते पाहा. दहीहंडीच्या थरावरून, झाडावरून किंवा दुचाकीवरून पडलेल्याच्या मानेला आणि पाठीलाही मार असू शकतो. मान दुखत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील किंवा शुद्ध हरपली असेल, तर त्याला उचलून बसवू नका. जागेवरच स्थिर ठेवा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

दुसरी गोष्ट, सांधा ज्या स्थितीत सापडला त्याच स्थितीत त्याला आधार द्या. सरळ करण्याचा प्रयत्न नको. खांदा किंवा कोपर असेल तर ओढणीची, टॉवेलची किंवा उपरण्याची झोळी करून गळ्यात बांधा. हात आणि छाती यांच्यामध्ये मोकळी जागा राहत असेल तर तिथे उशी किंवा घडी केलेली चादर ठेवा. पाय असेल तर दोन्ही बाजूंनी उशा किंवा गुंडाळलेली सतरंजी लावा.

तिसरी गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. सांध्याच्या पुढच्या भागाचा रक्तपुरवठा आणि संवेदना तपासा. बोटे गरम आहेत का? नख दाबून सोडल्यावर दोनेक सेकंदांत पुन्हा गुलाबी होते का? बोटे हलवता येतात का? स्पर्श कळतो का? खांदा निखळला असेल तर दंडाच्या बाहेरच्या बाजूला, खांद्याच्या किंचित खाली स्पर्श जाणवतो का ते विचारा. तिथे बधिरपणा असेल तर खांद्याला वळसा घालून जाणारी नस ताणली गेली आहे. हात किंवा पाय थंडगार, पांढरा किंवा निळसर पडला असेल, तर एक मिनिटही वाया घालवू नका.

अंगठी, बांगड्या, कडे, घड्याळ लगेच काढा. सूज चढल्यावर ते निघत नाहीत आणि रक्त अडवतात. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे लावा. बर्फ थेट कातडीवर ठेवू नका. जखम उघडी असेल तर स्वच्छ कापडाने झाका, बाहेर आलेले हाड आत ढकलू नका. चहा, पाणी, खाणे काहीही देऊ नका, कारण सांधा बसवताना भूल द्यावी लागू शकते आणि पोट रिकामे असणे सुरक्षित असते. तेल लावून चोळणे आणि शेकणे पूर्ण वर्ज्य. त्याने रक्तस्राव आणि सूज दोन्ही वाढतात.

ओढायचे का नाही?

सांधा निखळला की भोवतालचे स्नायू संरक्षणासाठी आवळून बसतात. जितके जोराने ओढावे तितके ते अधिक आवळतात. या रस्सीखेचीत हाड मोडते, नस ताणते, रक्तवाहिनी फाटते. दवाखान्यात आधी वेदनाशामक आणि स्नायू सैल करणारे औषध देतात किंवा भूल देतात. स्नायू सैल झाला की हाड अगदी थोड्या जोराने जागेवर जाते. कौशल्य जोरात नसून सैल करण्यात आहे.

हे शहाणपण फार जुने आहे. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिस याच्या परंपरेतल्या सांध्यांवरील ग्रंथात, जखमीच्या काखेत टाच टेकवून हात सावकाश ओढण्याची पद्धत दिली आहे. वारंवार निखळणाऱ्या खांद्याला तापलेल्या लोखंडाने डाग देण्याचा उपायही त्यात आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ‘संधिमुक्त’ म्हणजे सांधा सुटणे आणि ‘कांडभग्न’ म्हणजे हाड मोडणे असे दोन स्वतंत्र वर्ग केलेले आहेत; पहिल्याचे सहा आणि दुसऱ्याचे बारा प्रकार सांगितले आहेत. उपचाराची सूत्रे म्हणजे ओढणे, दाबणे, जवळ आणणे आणि बांधणे. निखळलेल्या खांद्यासाठी काखेत मुसळ देऊन सांधा उचलावा आणि मग स्वस्तिकाच्या आकाराची पट्टी बांधावी, असे त्यात सांगितले आहे.

त्याच ग्रंथात पट्टीबद्दलचा इशाराही आहे. सैल बांधली तर सांधा स्थिर राहत नाही आणि फार घट्ट बांधली तर सूज, वेदना आणि पू होतो. म्हणून थंडीत सात दिवसांनी, समशीतोष्ण ऋतूत पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी पट्टी सोडून पाहावी, असे सुश्रुत सांगतो.

हा इशारा आज सर्वाधिक दुर्लक्षित आहे. हाडवैद्याकडे जाणारी माणसे अडाणी असतात असे मुळीच नाही. तो जवळ असतो, ओळखीचा असतो, पैसे कमी घेतो आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास त्याच्या पाठीशी असतो. पण त्याच्याकडे एक्स-रे नसतो, भूल नसते, आणि बांबूच्या कामट्या घालून आवळलेल्या पट्टीखाली हात सुजत गेला तर ती सूज मोजण्याचे साधनही नसते. अशा पट्टीने स्नायूंचा रक्तपुरवठा बंद पडतो. काही तासांत स्नायू मरू लागतात, पुढे ते आखडतात आणि बोटे कायमची वाकडी होतात. जर्मन शल्यविशारद रिचर्ड फॉन फोल्कमान याने १८८१ मध्ये या विकृतीचे वर्णन केले आणि ती आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. काहींचा तर हातच कापावा लागतो. पट्टी किंवा प्लास्टर कुणीही घातलेले असो, आत वेदना वाढत चालली, बोटे सुजली, बधिर झाली किंवा बोट सरळ केल्यावर कळ आली, तर रात्र उलटण्याची वाट न पाहता पट्टी सोडवून घ्यावी.

उशिराचेही दुष्परिणाम असतात. निखळलेला सांधा तीन आठवड्यांहून अधिक तसाच राहिला की भोवतालचे पेशीजाल आकसते, रक्तवाहिन्या हाडाला चिकटतात. मग नुसते ओढून तो बसवणे धोक्याचे ठरते आणि पहिल्या दिवशी काही मिनिटांत झाले असते त्यासाठी मोठी शस्त्रक्रिया करावी लागते.

प्रत्येक सांध्याची तऱ्हा वेगळी

खुबा सहजासहजी निखळत नाही. त्याला मोठा आघात लागतो आणि तो बहुधा रस्त्यावर होतो. मोटार समोरून आदळते, सीटबेल्ट न लावलेल्या माणसाचा गुडघा पुढच्या पॅनेलवर आपटतो, तो धक्का मांडीच्या हाडातून वर जातो आणि गोळा उखळीच्या मागे निसटतो. पाय आखूड, वाकलेला आणि आत वळलेला दिसतो. मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त नेणाऱ्या वाहिन्या अशा वेळी पिळवटलेल्या असतात. सहा तासांच्या आत सांधा बसला नाही तर तो गोळा पुढे कुजण्याचा धोका झपाट्याने वाढतो. तरुण वयात सांधा बदलण्याची वेळ यातूनच येते.

गुडघ्याबाबत दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. गुडघ्याची वाटी बाहेरच्या बाजूला सरकणे हे किशोरवयात, नाचताना किंवा खेळताना एकदम वळल्यावर घडते. ते वेदनादायक असते, पण जीवघेणे नसते. मांडीचे आणि नडगीचे हाड एकमेकांपासून सुटणे ही मात्र अत्यंत गंभीर दुखापत. गुडघ्यामागून जाणारी मुख्य धमनी त्यात फाटू शकते. सहा ते आठ तासांत रक्त पुन्हा सुरू झाले नाही तर पाय वाचवणे कठीण होते. असा गुडघा कधीकधी आपोआप जागेवर येतो आणि दिसायला बरा दिसतो. म्हणून मोठ्या अपघातानंतर गुडघा खूप सुजला असेल, तर पावलातली नाडी तपासून घ्यायलाच हवी.

बोटे निखळतात ती बहुधा चेंडू टोकावर आदळून. मैदानावरच ओढून सरळ करण्याचा मोह सर्वांत जास्त इथेच होतो. बोटाच्या हाडाचा बारीक तुकडा उडालेला असेल किंवा कंडरा तुटलेली असेल आणि ते लक्षातच आले नाही, तर बोट कायमचे वाकडे राहते. लिहिणाऱ्या, शिवणाऱ्या, वाद्य वाजवणाऱ्या माणसासाठी हे लहान नुकसान नाही.

जबडा निखळतो तो मोठी जांभई देताना किंवा दातांच्या डॉक्टरांकडे बराच वेळ तोंड उघडे ठेवल्यावर. तोंड मिटतच नाही, लाळ गळते, बोलता येत नाही, माणूस घाबरून जातो. हनुवटीवर ठोसा मारून किंवा जबरीने तोंड मिटवून काही साधत नाही. डॉक्टर अंगठ्यांना जाड पट्टी गुंडाळून ते खालच्या दाढांवर ठेवतात आणि जबडा आधी खाली, मग मागे ढकलतात. त्यानंतर काही आठवडे मऊ खाणे आणि जांभई येताना हनुवटीला हाताचा आधार, एवढे पथ्य पाळावे.

लहान मुलांचे दोन प्रश्न

पहिला प्रश्न कोपराचा. आई-बाबांच्या मधे चालणाऱ्या मुलाला दोन्ही हातांनी उचलून झोके देणे, रस्ता ओलांडताना हाताला हिसका देणे, हात धरून वर खेचणे, या सगळ्यांत एक ते चार वर्षांच्या मुलाचे कोपर अर्धवट निखळू शकते. मनगटाकडून येणाऱ्या दोन हाडांपैकी एकाचे डोके त्याला वेढणाऱ्या अस्थिबंधाच्या कड्यातून निसटते. मूल रडते, हात अंगालगत किंचित वाकवून ठेवते आणि वापरायला तयारच होत नाही. डॉक्टरांनी हात विशिष्ट तऱ्हेने फिरवला की काही मिनिटांत तेच मूल त्या हाताने खेळणे उचलते. पण मूल पडलेले असेल आणि कोपर सुजलेले असेल, तर ते हाड मोडलेले असण्याची शक्यता मोठी. अशा कोपराला चोळणे फार महागात पडते. मुलाला उचलायचे ते काखेत हात घालून, एवढी एक सवय घराने लावून घेतली तर हा त्रास टळतो.

दुसरा प्रश्न बाळाच्या खुब्याचा. काही बाळांची खुब्याची उखळ जन्मतः उथळ असते आणि गोळा बाहेर सरकलेला असतो. मुलींमध्ये, पायाळू बाळांमध्ये, पहिल्या बाळात आणि घरात पूर्वी कुणाला हा दोष असल्यास त्याची शक्यता अधिक. बाळाला दुपट्यात पाय सरळ ताणून घट्ट गुंडाळण्याची रीत इथे अपायकारक आहे. गुंडाळायचेच असेल तर कमरेखाली सैल असू द्या, बाळाला पाय वाकवून फाकवता आले पाहिजेत. उलट बाळाला कडेवर घेण्याची आपली पद्धत खुब्यासाठी उत्तम, कारण त्यात मांड्या फाकलेल्या राहतात आणि गोळा उखळीत खोल बसतो. डायपर बदलताना एक मांडी कमी उघडत असेल किंवा एक पाय आखूड वाटत असेल, तर लगेच दाखवा. पहिल्या काही महिन्यांत कळले तर नुसत्या पट्ट्यांच्या झुल्याने सांधा घडवता येतो. चालायला लागल्यावर मूल लंगडते तेव्हा कळले, तर शस्त्रक्रिया करावी लागण्याची शक्यता मोठी असते.

सांधा बसल्यानंतरचे खरे काम

खांदा जागेवर बसला की वेदना एकदम ओसरते आणि इथेच फसगत होते. ब्रिटिश शल्यविशारद ब्लंडेल बँकार्ट याने १९२३ मध्ये दाखवले की, वारंवार निखळणाऱ्या खांद्यात वाटीच्या पुढच्या कडेची किनार सुटलेली असते. हाडाचा गोळा वाटीच्या कडेवर आदळून त्याला मागे खळगाही पडतो. हिल आणि सॅक्स या अमेरिकी क्षकिरणतज्ज्ञांनी १९४० मध्ये त्याचे वर्णन केले. म्हणजे पहिल्याच फटक्यात सांध्याचा बांध फुटलेला असतो. हाड परत आत गेल्याने तो बांध आपोआप जुळत नाही.

वीसच्या आतबाहेरच्या, खेळणाऱ्या तरुणांमध्ये एकदा निखळलेला खांदा पुन्हा निखळण्याचे प्रमाण निम्म्याहून अधिक असते. चाळिशीनंतर ते बरेच कमी होते, पण त्या वयात गोळ्याला वेढणाऱ्या कंडरा फाटण्याचा धोका वाढतो. सांधा बसल्यावरही दोन-तीन आठवड्यांत हात वर उचलता येत नसेल, तर त्याची तपासणी करावी.

झोळी साधारण एक ते तीन आठवडे वापरतात. त्या काळातही बोटे, मनगट, कोपर हलवत राहायचे, नाहीतर ती आखडतात. मग हळूहळू हालचाल आणि त्यानंतर स्नायूंची ताकद, असा व्यायामाचा क्रम असतो. बारा आठवड्यांची फिजिओथेरपी कंटाळवाणी वाटते, पण सुटलेल्या किनारीचे काम काही अंशी हेच स्नायू पेलणार असतात. खांदा तरीही निसटत राहिला, किंवा रुग्ण तरुण खेळाडू असेल, तर दुर्बिणीने ती किनार पुन्हा शिवता येते. वाटीचे हाडच झिजले असेल तर हाडाचा तुकडा बसवून कड वाढवता येते. यानंतर अंगाला अंग भिडणाऱ्या खेळात परतायला साधारण सहा महिने लागतात.

प्रत्येक तालीम, प्रत्येक कबड्डी-खोखोचा संघ, प्रत्येक गोविंदा पथक आणि प्रत्येक शाळेने एवढे करावे : झोळीसाठी कापड आणि बर्फाची सोय जवळ ठेवावी, जवळच्या एक्स-रे असलेल्या दवाखान्याचा नंबर भिंतीवर लावावा, आणि सांधा ओढायचा नाही हा नियम मुलांना पहिल्याच दिवशी सांगावा. जखमी खेळाडू डॉक्टरांच्या परवानगीशिवाय मैदानात उतरणार नाही, याची जबाबदारी प्रशिक्षकाने स्वतःकडे घ्यावी. दुखापत झाल्यावर दवाखान्यात जाण्याची घाई करा. त्यानंतर सांध्याला भरून यायला जेवढे महिने लागतात, तेवढे त्याला द्या.